एक जूनचे मास्तर

महाराष्ट्रात ३१ मे हा निवृत्तीचा मोठा दिवस आहे. कचेऱ्या, जिल्हा परिषदा, शाळा, सगळीकडून त्या एका दिवशी माणसं घाऊक भावात घरी जातात. त्याचं कारण सेवाशर्तींपेक्षा शाळांच्या दप्तरात अधिक सापडतं. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, हा नियम. आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत घातलेल्या पोरांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून.

ही तारीख आईबापांनी सांगितलेली नव्हती. पनवेल, उरण, पेण, कर्जतच्या गावांतून बाप पोराला घेऊन शाळेत येई. मास्तर विचारत, कधीचा? उत्तर मिळे ते लावणीतलं, नाहीतर गौरी-गणपतीतलं. कधी मोठ्या पुराच्या आदल्या सालचं, तर कधी थोरल्या बहिणीच्या लग्नानंतरचं. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगा सहा वर्षांचा झाला. सालाचा अंदाज बांधला जाई आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख पडे १ जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावपातळीवरच्या नोंदींचा भरवसा कमीच होता. त्यामुळे मास्तरांच्या टाकाने जे उतरलं तेच पुढे नोकरीला, पेन्शनला आणि मतदार यादीला लागलं.

ज्या मास्तरांनी पोरांना हा वाढदिवस दिला, त्यांतल्या अनेकांना तो त्यांच्या मास्तरांनीच दिलेला होता. म्हणजे त्यांचीही निवृत्ती ३१ मे रोजी, ऐन उन्हाळी सुट्टीत. तीस-बत्तीस वर्षं ज्या वर्गांत आवाज चढवला, ते वर्ग त्या दिवशी कुलूपबंद असतात. कचेरीत मुख्याध्यापक, लेखनिक, दोन शिपाई, गावाला न गेलेले चार सहकारी. सही होते, चहा होतो, नारळ हातात पडतो. पोरांतलं कुणी नसतं.

गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांची जी लाट आली आहे, तिचं मूळ थोडंफार या रिकाम्या निरोपात असावं. तीस वर्षांनी उरकायचा राहिलेला निरोप समारंभच तो. पनवेलसारख्या गावात त्याला आणखीही एक अर्थ आहे.

कमानीवरची नावं

पनवेल हे जुनं बंदर आणि पेठेचं गाव. घाटावरून आलेला माल इथे खाडीत उतरायचा. नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. बेने इस्रायलांचं बेथ एल सिनेगॉग त्याहून तीन वर्षांनी जुनं, १८४९ चं. धूतपापेश्वरचा औषधी कारखाना १८७२ चा. बैलगाड्यांच्या चाकांसाठी हे गाव एके काळी नावाजलेलं होतं. १८८३ पर्यंत पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात आलं, आणि १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. १ ऑक्टोबर २०१६ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. लाईन आळी, मिरची गल्ली, टपाल नाका यांच्यातून फिरणाऱ्या जुन्या पनवेलकराला आपण महानगरात राहतो हे अजून पुरतं पटलेलं नाही.

आता गावातल्या शिक्षणसंस्थांची नावं वाचत जा. व्ही. के. हायस्कूल म्हणजे विठोबा खंडाप्पा. याकूब बेग हायस्कूल. रयत शिक्षण संस्थेचं महात्मा फुले महाविद्यालय, १९७० चं. खांदा वसाहतीतलं चांगू काना ठाकूर महाविद्यालय, १९९७ चं. महापालिकेच्या शाळेला लोकनेते दि. बा. पाटलांचं नाव. हिंदू, मुसलमान, व्यापारी, शेतकरी, समाजसुधारक, पुढारी असे सगळे या यादीत आहेत. पेठेच्या गावाने शिक्षणाकडे कसं पाहिलं, ते तीत दिसतं. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने शाळेला द्यावेत, ही इथली रीत. तिच्याशिवाय इमारती उभ्या राहिल्या नसत्या, हे नि:शंक.

पण त्या इमारतीत चाळीस वर्षं ज्याने भूमिती शिकवली, त्याचं नाव कुठे आहे? मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लाकडी फळा असतो, त्यावर आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं आणि कारकीर्द रंगवलेली असते. शेजारी दुसरा फळा, शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलामुलींचा. मधल्या माणसांना फळा नाही. मुख्याध्यापक न झालेला गणिताचा शिक्षक, चित्रकलेचे सर, शिवणकामाच्या बाई, पीटीचे सर, पाचवीला अक्षर वळवून घेणाऱ्या बाई, घंटा देणारा शिपाई: ही सगळी माणसं शिकून गेलेल्यांच्या आठवणीतच काय ती आहेत.

पंतोजी ते सर

मास्तरांची ही अनामिकता जुनी आहे. इंग्रजी अमलाआधी आणि नंतरही बराच काळ गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर किंवा देवळात वर्ग, धूळपाटीवर अक्षर, तोंडी पाढे, अपूर्णांकांची पावकी-निमकी, मोडी वाचन. फी धान्यात, सणाला शिधा. हिशेब लिहिता येणारा मुनीम आणि पत्र वाचता येणारा शेतकरी या शाळांनी घडवला. १८२६ च्या सुमारास बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने तयार केलेल्या मास्तरांची पहिली तुकडी मुंबईहून जिल्ह्यांत रवाना झाली आणि पगारी, प्रशिक्षित मास्तर हा नवा माणूस गावात आला. पुढे १८६० च्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड बसला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांना जाऊ लागला, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून मास्तरांचा पगार निघू लागला.

व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेला मुलगा मास्तर होऊ शकत असे. गावात त्याचा मान तलाठ्याच्या बरोबरीचा, धाक काकणभर जास्त. अनेक खेड्यांत टपालाचं कामही त्याच्याकडेच असे. त्यामुळे मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर तोच देई, सोबतचं पत्र तोच वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिही. कुणाच्या घरी किती पैसे आले, कुणाचा मुलगा पत्र पाठवत नाही, कुठे सोयरीक जुळते आहे, हे सगळं त्याला ठाऊक असे. त्यातलं बाहेर काय बोलायचं नाही याचं भान हीच त्याची पत.

माध्यमिक शाळा आल्या तसे मास्तर ‘सर’ झाले. १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. १९७५ मध्ये जुन्या अकरावीऐवजी दहावी. आजही पनवेलच्या मेळाव्यात पंच्याहत्तरच्या पुढचे-मागचे असे दोन तट पडतात, ‘आम्ही अकरावीवाले’ आणि ‘तुम्ही दहावीवाले’. खाजगी शाळांतल्या शिक्षकांची सही पगारपत्रकावर एका आकड्यापुढे आणि हातात पडणारी रक्कम दुसरीच, अशी अवस्था राज्यात अनेक ठिकाणी होती. नोकरीला थोडं संरक्षण आलं ते १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने. ज्या सरांच्या कपड्यांच्या दोनच जोडांची आपण आठवण काढून हसतो, त्यांच्या वेतनाचा इतिहास हा असा आहे.

शिरढोणचा मुलगा

मास्तरांचं नाव शाळेला लागल्याचं उदाहरण शोधायला गेलं की वाट पनवेलवरूनच निघते, पण पोहोचते पुण्यात. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर शिरढोण लागतं, पुढे कर्नाळा. शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. सरकारी लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी, मग रामोशी-कोळी-भिल्लांना जमवून केलेलं बंड, १८७९ ची अटक, १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगातला मृत्यू, हे सारं आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेली गोष्ट वेगळीच आहे. या माणसाने वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात एक शाळा काढली होती. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन हे तिचं नाव. पुढे तिचीच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

तिघांतल्या फडक्यांना इतिहासाने उचललं. इंदापूरकर संस्थेच्या कागदात राहिले. भावे मात्र शाळेत राहिले, मुलांना शिकवत राहिले. परिणाम असा की पुणेकर कित्येक पिढ्या त्या शाळेला ‘भावे स्कूल’ म्हणत आले आणि पेरूगेटच्या शाळेला आजही भाव्यांचं नाव आहे. म.ए.सो.चं नवीन पनवेलला विद्यालय आहे, त्याला नाव आहे आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं. फडके असे शाळेच्या वाटेने आपल्या तालुक्यात परतले. भावे मास्तर पनवेलच्या किती मुलांना माहीत असतील?

कोकणात आणखी खाली, शिरोड्याला, याहून ठळक दाखला आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात तिथल्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे ज्ञानपीठ मिळवणारा लेखक त्या शाळेचा झाला, तरी आज शाळेचं नाव अ. वि. बावडेकर विद्यालय आहे. बावडेकर हे ती शाळा काढणारे आणि चालवणारे मास्तर. नावाजलेला लेखक हाताशी असताना गावाने पाटीवर मास्तरांना ठेवलं. ही निवड साधी नाही.

सातबाऱ्याइतकंच दप्तर

मास्तरांचं नाव पाटीवर नसेल, पण त्यांचं अक्षर मात्र शाळेच्या कपाटात असतं. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. जी. आर. म्हणतात त्याला. ते कायमचं जपायचं, इतर कागद मुदतीनंतर फाडता येतात, हे नाही. दाखल क्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात-पोटजात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, प्रगती, वर्तणूक. वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘चांगली’. छड्या खाल्लेल्यांनाही मास्तरांनी दाखल्यावर ‘चांगली’ लिहून दिलं.

पनवेल तालुक्यात या रजिस्टराला जमिनीच्या कागदाची किंमत आली. १९७० च्या फेब्रुवारीत नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ८६ गावांच्या जमिनी संपादनाची अधिसूचना निघाली, १७ मार्चला सिडको स्थापन झाली. शेतं, मिठागरं, खाजणं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात पडले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क आला. त्यानंतर दोन पिढ्या आगरी, कोळी, कराडी घरांतून वारस दाखले, नावातली तफावत, जात प्रमाणपत्रं यांच्या फायली फिरत राहिल्या. इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो कुठे मिळतो? आजोबांच्या शाळेत. तिथे मास्तरांनी ‘आगरी’ लिहिलं की नुसतं ‘हिंदू’, ‘म्हात्रे’ लिहिलं की बापाचं नाव तेवढं, यावर नातवाचा मेडिकलचा प्रवेश अडतो किंवा सुटतो. निळ्या-काळ्या शाईतल्या त्या ओळी लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नव्हती. पण त्याने ओळ सोडली नाही, खाडाखोड केली तर शेजारी सही केली, आणि त्याचं हे नेटकेपण आज कितीतरी घरांना पुरलं आहे.

गाव उठलं तरी रजिस्टर राहतं, हेही पनवेलने पाहिलं. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं हलली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. चिंचपाडा, कोपर, तरघर, कोंबडभुजे ही नावं आता पत्त्यापेक्षा आठवणीत जास्त. गाव हलतं तेव्हा मंदिर नव्या जागी बांधून मिळतं, भूखंड मिळतो. शाळेचे वर्ग मात्र दुसरीकडे जोडले जातात आणि दप्तर गाठोडं बांधून जवळच्या शाळेकडे जातं. वर्गखोलीच नसलेल्या शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा कुठे भरवायचा? तिथली माणसं एकत्र येतात तेव्हा सत्काराला बोलावलेले गुरुजी हीच त्यांच्या शाळेची उरलेली भिंत असते.

आणखी एक बाजू आहे. पनवेलच्या डोंगरपट्ट्यात कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरं बरोबर जातात, हजेरीपटावर शून्यांची रांग लागते. भट्टीवर जाऊन पोरं परत आणणारे शिक्षक या तालुक्यात झाले आणि आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप नाहीत, बॅचचे टी-शर्ट नाहीत. त्यामुळे त्या मास्तरांचे सत्कारही नाहीत.

मेळावा

मेळाव्याचा शिरस्ता आता ठरून गेला आहे. आधी ग्रुप होतो, ‘बॅच १९८४’, ‘आठवणी ९२’. कुणीतरी कामाला लागतो. बहुधा तो, जो शाळेत शेवटच्या बाकावर बसे. वर्गणी, हॉल, केटरर. सरांचे पत्ते शोधायचे. कुणी नवीन पनवेलला मुलाकडे, कुणी गावी देवरुख-चिपळूणला, कुणी आता नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी घंटा वाजते, रांगा लागतात, राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते. (ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. कोट्यवधी मुलांनी ती म्हटली, पण लिहिणाऱ्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या कुणाला माहीत नव्हतं.) मग वर्ग भरतो. ऐंशीच्या घरातले सर खुर्चीत बसून हजेरी घेतात आणि पन्नाशी ओलांडलेली, टक्कल पडलेली माणसं ‘हजर सर’ म्हणतात. ज्यांच्या नावाला उत्तर येत नाही, तिथे सभागृह गप्प होतं.

शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पुष्पगुच्छ. भाषणं. स्मरणिका असेल तर पहिली पानं मान्यवरांच्या शुभेच्छांची, मधली आठवणींची, शेवटची बिल्डर आणि ज्वेलर्सच्या जाहिरातींची. आठवणींत मारकुटे सर हमखास असतात. ज्यांनी कधी हात उगारला नाही, त्यांच्यावर लिहिणं अवघड जातं म्हणून ते वगळले जातात. पु. लं.च्या चितळे मास्तरांनी मराठी माणसाला मास्तरांवर प्रेम करायचा एक साचा दिला, त्याचं ऋण मोठं. पण त्या साच्यात न बसणारे शिक्षक अंधारात राहिले. विशेषतः बाई. घरचं उरकून, लोकल किंवा एस.टी. पकडून, वर्गात पहिला तास घेणाऱ्या बाईंचा किस्सा होत नाही, कारण त्यांनी काही नाट्यमय केलंच नाही. त्यांनी फक्त रोज शिकवलं.

मेळाव्यांना नावं ठेवायची नाहीत. ज्या गावाची खाडी बुजली, शेतं गेली, आळीतल्या वाड्यांचे टॉवर झाले, त्या गावात एकमेकांना शाळेच्या नावाने ओळखणं ही मोठी गोष्ट आहे. नव्याने आलेल्या लाखांच्या वस्तीत जुना पनवेलकर ‘तू व्ही.के.चा का?’ एवढं विचारून आपली माणसं शोधतो. पण एक बदल सहज करता येईल. हे सत्कार डिसेंबरच्या सुट्टीत वातानुकूलित हॉलमध्ये होतात. तेच जूनमध्ये, शाळा भरल्यावर, शाळेच्याच पटांगणात झाले तर आज पाचवीत बसलेली पोरं ते पाहतील. शिक्षकाचा मान काय असतो, हे त्यांना फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

करता येण्याजोगं

शाळेच्या इतिहासाला आपण दात्यांची आणि संस्थाचालकांची कारकीर्द समजत आलो. तो शिक्षकांचा इतिहास व्हायचा असेल तर सामग्री जागेवर आहे. मस्टर, सेवापुस्तकं, शेरेबुक, इन्स्पेक्टरांचे शेरे, वार्षिक अहवाल. एका बॅचने ठरवलं तर आपल्या शाळेत पहिल्या वर्षापासून कोण कोण शिकवत होतं, कोणता विषय, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, अशी यादी तयार होईल. त्यात रजेच्या जागेवर सहा महिने आलेले असतील, शिपाई असतील, लेखनिक असतील. ती रंगवून फळ्यावर लावावी, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत तिसरा फळा येईल. जुन्या रजिस्टरांची पानं वाळवीच्या आधी स्कॅन व्हायला हवीत. मात्र त्यात लोकांची जात, गुण, जन्मतारखा आहेत, तेव्हा ती शाळेच्या ताब्यात राहावीत, ग्रुपवर फिरू नयेत. आणि जे सर-बाई हयात आहेत त्यांना भाषण करायला न लावता दोन तास समोर बसवून विचारावं: पहिला पगार किती होता, राहत कुठे होतात, २००५ च्या जुलैच्या पुरात शाळेचं काय झालं, सिडको आली तेव्हा वर्गातली पोरं काय बोलत होती. गावाचा इतिहास सांगणारी इतकी तरतरीत माणसं दुसरीकडे मिळायची नाहीत.

इथवर भूतकाळ झाला. लाडके शिक्षक घडतात कसे, याचं उत्तर मात्र वर्तमानात शोधावं लागतं. एकाच गावात, एकाच शाळेत, तीस वर्षं राहिलेला माणूस लाडका होतो. त्याने थोरल्या भावाला शिकवलेलं असतं, मग धाकटीला, पुढे त्यांच्या पोरांना. त्याला आळीतलं प्रत्येक घर माहीत असतं, कारण तो त्याच आळीत राहतो. २००० पासून राज्यात शिक्षक होणारा माणूस आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. त्याचं मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, कनिष्ठ महाविद्यालयात २० हजार झालं. पनवेलमध्ये एवढ्या पैशांत खोली भाड्याने घेऊन बघा. तो कर्जतहून, खोपोलीहून, कल्याणहून ये-जा करणार आणि सोयीची बदली मिळताच जाणार. त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून पुढच्या मेळाव्यात शाली वाटून झाल्यावर, जेवणाच्या पंगती लागण्यापूर्वी, मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारावा: आज या शाळेत मंजूर पदं किती आणि भरलेली किती? उत्तर ऐकून माजी विद्यार्थ्यांनी, ज्यांत आता नगरसेवक आहेत, वकील आहेत, बिल्डर आहेत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसावं. चाळीस वर्षांनी कुणाचा तरी सत्कार करायचा असेल, तर तो माणूस आज नेमलेला असायला हवा.